जंगलातला घड्याळजी: ज्यू पार्टिझान आणि त्यांच्या गोष्टी

दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यूंचा विषय निघाला की थोड्या वेळाने कुणीतरी विचारतंच, "एवढे लाखो लोक होते, मग ते लढले का नाहीत?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आपल्याला ॲन फ्रँकची डायरी माहीत असते, गॅस चेंबर माहीत असतात, साठ लाख हा आकडा पाठ असतो. हातात बंदूक घेतलेला ज्यू आपल्या वाचनात सहसा येत नाही. कॉलेजात असताना मीही हा प्रश्न मोठ्या आत्मविश्वासाने विचारला होता. पुढे एक कादंबरी वाचली, तिच्यातला घड्याळजी मनात घर करून बसला, आणि त्यानंतर तो प्रश्न माझ्या तोंडून पुन्हा निघाला नाही. त्या कादंबरीकडे येतोच. आधी ती ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन पाहू.

ज्यू लढले. आजच्या बेलारूस, लिथुएनिया, युक्रेन आणि पोलंडच्या जंगलांतून साधारण 20 ते 30 हजार ज्यू स्त्री-पुरुष नाझींविरुद्ध पार्टिझान म्हणून उभे राहिले, असं इतिहासकार मानतात. पार्टिझान म्हणजे शत्रूने जिंकलेल्या मुलखात, त्याच्या फौजेच्या पिछाडीला राहून लढणारा माणूस. रेल्वेचे रूळ उखडायचे, पूल उडवायचे, टेलिफोनच्या तारा कापायच्या, रसद लुटायची आणि रानात पसार व्हायचं.

हे वाचताना मराठी माणसाला लगेच गनिमी कावा आठवतो, आणि इथेच आपली समजूत चुकायला लागते. गनिमी कावा दोन गोष्टींवर चालतो: ओळखीचा मुलूख आणि आपली रयत. थकून आलेल्या शिपायाला कुठल्यातरी घरात भाकरी मिळते, लपायला माळा मिळतो, शत्रूची चाहूल लागली तर गुराखी पोर धावत येऊन सांगतं. ज्यू पार्टिझानाकडे नेमकं हेच नव्हतं. तो बहुतेक वेळा छोट्या शहरातला शिंपी, सुतार, घड्याळजी नाहीतर शाळामास्तर होता. उभ्या आयुष्यात रानात एक रात्र न काढलेला. जंगलाच्या कडेची खेडी त्याची नव्हती. ज्यूला आसरा देणाऱ्याला जर्मन देहदंड देत आणि ज्यूला पकडून देणाऱ्याला बक्षीस. जीव धोक्यात घालून मदत करणारी माणसंही होती. बेलारूसमधल्या नोवोग्रुडोक शहराजवळच्या कोन्स्टान्टी कोझवोव्स्की या शेतकऱ्याने कित्येक ज्यूंना शहरातून जंगलापर्यंत पोहोचवलं. पण दार ठोठावताना आत असा माणूस आहे की बक्षिसाची वाट पाहणारा, हे बाहेर उभ्या असलेल्याला कळायला मार्ग नव्हता.

जंगलात आधीपासून सोव्हिएत पार्टिझानांच्या तुकड्या होत्या. त्यांच्याकडे गेलं की बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न एकच: बंदूक आहे? नसेल तर परत जा. परत म्हणजे कुठे, तर घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या कुंपणातल्या वस्तीत. तिथे आज ना उद्या मरण ठरलेलं. काही सोव्हिएत तुकड्यांमध्ये ज्यूद्वेष उघड होता, पोलिश भूमिगतांच्या काही गटांमध्येही होता. म्हणजे ज्याने नुकतं आपलं कुटुंब गमावलं आहे त्याला जर्मनांपासून जपायचं आणि जर्मनांविरुद्ध लढणाऱ्यांपासूनही सावध राहायचं. हिवाळ्यात बर्फ पडला की पावलांचे ठसे उमटतात, चूल पेटवली की धूर दिसतो. खायला लागतंच, ते शेतकऱ्याकडून मागून आणायचं, आणि नाही म्हणाला तर बंदूक दाखवून. त्या शेतकऱ्याचीही पोरं उपाशी असत. चांगला लेखक हे लपवत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात अवघड गोष्ट जंगलात शिरण्याआधीच घडत होती. विल्ना शहराचं, म्हणजे आजच्या विल्नियसचं, उदाहरण घेऊ. 1941 संपत होतं त्या रात्री, नववर्षाच्या समारंभाचं निमित्त करून, घेटोतली तरुण मुलं एका अन्नछत्राच्या जागेत जमली. तिथे आबा कोवनर नावाच्या विशीतल्या कवीने एक जाहीरनामा वाचला. हिटलरला युरोपातले सगळे ज्यू मारायचे आहेत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तोपर्यंत हे कुणी इतक्या उघडपणे म्हणायला धजत नव्हतं. मेंढरांसारखं कत्तलीला जायचं नाही, हे आवाहन त्यातलंच. तीन आठवड्यांत सशस्त्र संघटना उभी राहिली. जर्मनांच्या शस्त्रकोठारात वेठीला लावलेली पोरं बंदुकांचे सुटे भाग अंगावर लपवून आत आणू लागली. इत्झिक विटेनबर्ग हा तिचा सेनापती.

जुलै 1943 मध्ये विटेनबर्गचं नाव गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, कळलं. निरोप आला: त्याला आमच्या हवाली करा, नाहीतर सगळा घेटो नष्ट करू. संघटनेची मुलं पिस्तुलं घेऊन त्याच्याभोवती उभी होती. समोर गर्दी होती, ती मात्र जर्मनांची नव्हे. ते शेजारी होते, नातेवाईक होते, आया होत्या, आणि ते ओरडत होते: एका माणसासाठी हजारो माणसं का मारता? गोळी चालवायची तर पहिली गोळी आपल्याच माणसाला लागणार होती. विटेनबर्गने सूत्रं कोवनरकडे दिली आणि तो चालत फाटकाबाहेर गेला. कोठडीतच त्याचा अंत झाला. सप्टेंबरमध्ये जर्मनांनी घेटो रिकामा केलाच. उरलेले लढवय्ये गटारांतून वाट काढत रुडनिकीच्या जंगलात गेले.

"लढले का नाहीत" असं विचारताना आपल्या डोळ्यांसमोर ती गर्दी नसते. आईला मागे सोडून जंगलात जायचं की आईबरोबर थांबायचं, यातलं शूर काय आणि भ्याड काय? मेंढरांचा तो शब्द जिवंत असलेल्यांना जागं करायला लिहिला गेला होता. युद्धानंतर लोकांनी तोच मेलेल्यांना दोष द्यायला वापरला. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

या सगळ्याला एक मोठा अपवाद होता. नोवोग्रुडोकजवळच्या स्टानकेविचे खेड्यात बिएल्स्की हे एकच ज्यू कुटुंब. बापाची पिठाची गिरणी. तुविया, असाएल, झुस आणि धाकटा आरोन ही भावंडं शेतात-रानात वाढलेली, स्थानिक भाषा सफाईने बोलणारी. आई-वडील मारले गेल्यावर हे भाऊ जंगलात शिरले, आणि तुवियाने एक वेगळा नियम केला: येईल त्याला घ्यायचं. म्हातारी असो, तान्हं मूल असो, हातात बंदूक असो वा नसो. सोबतच्या लढवय्यांना हे पटत नव्हतं. खाणारी तोंडं वाढतात, पळताना वेग मंदावतो. तुविया हटला नाही. 1943 च्या ऑगस्टमध्ये जर्मनांनी नालिबोकी जंगलाला वेढा घालून मोठी शोधमोहीम काढली, तेव्हा हा सगळा लवाजमा दलदलीतून चालत आतल्या एका कोरड्या उंचवट्यावर जाऊन लपून राहिला.

त्यानंतर जंगलात जी वस्ती उभी राहिली तिला आसपासचे लोक जेरुसलेम म्हणत. जमिनीत अर्धे खणलेले, वरून लाकडं आणि माती टाकलेले निवारे. बेकरी, न्हाणीघर, कातडी कमवायची जागा, साबणाची भट्टी, मुलांची शाळा, छोटं इस्पितळ. शिंपी सोव्हिएत पार्टिझानांचे कोट शिवून द्यायचे, बूट शिवणारे त्यांचे बूट, घड्याळजी त्यांची घड्याळं दुरुस्त करायचे, आणि मोबदल्यात धान्य, दारूगोळा आणि थोडंफार संरक्षण मिळायचं. हे माझं आवडतं दृश्य आहे. घेटोत ज्या कसबांनी वाचवलं नसतं ती कसबं जंगलात वाचवत होती. 1944 च्या उन्हाळ्यात सोव्हिएत लाल सेना पोहोचली तेव्हा या वस्तीतून 1,200 हून जास्त माणसं चालत बाहेर पडली. बहुसंख्य बायका, मुलं आणि म्हातारे.

युद्धकथेचा नेहमीचा साचा म्हणजे नायक, शस्त्र, चकमक, विजय. आता मी सांगितलं ते त्या साच्यात ओतून बघा. बसत नाही. लेखक-दिग्दर्शकांनी या अडचणीतून कशा वाटा काढल्या, ते पाहण्यासारखं आहे.

पहिली वाट दंतकथेची. विल्नाच्या घेटोतच अब्राहम सुट्झकेवर हे यिद्दिशमधले, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतले, मोठे कवी होते. विल्नातल्या रोम छापखान्याबद्दलची त्यांची एक कविता आहे. या छापखान्याने 19 व्या शतकात काढलेली ताल्मुदची आवृत्ती जगभरच्या ज्यू घरांत आणि पाठशाळांत पोहोचली होती. कवितेत लढवय्ये रात्री छापखान्यात शिरतात, त्या धर्मग्रंथाचे शिशाचे ठसे वितळवतात आणि बंदुकीच्या गोळ्या ओततात. अक्षरामागून अक्षर वितळत जातं. शतकानुशतकं ग्रंथ जपणारे हात तोच ग्रंथ वितळवून शस्त्र करतात, ही कल्पना इतकी जबरदस्त आहे की कित्येक वर्षं लोक ती घडलेली गोष्ट म्हणून सांगत राहिले. अभ्यासकांच्या मते असं प्रत्यक्षात घडलं नव्हतं. कवितेखाली तारीख आहे 12 सप्टेंबर 1943, आणि त्याच दिवशी सुट्झकेवर घेटोतून निसटून जंगलाकडे निघाले. मला ही कविता खोटी वाटत नाही. हातात पुरेशा गोळ्या नसलेल्या कवीने त्या शब्दांतून ओतल्या. फक्त वाचताना ती कविता आहे हे लक्षात असावं.

दुसरी वाट पडद्यावरच्या नायकाची. बिएल्स्की भावंडांवर 2008 मध्ये 'डिफायन्स' हा चित्रपट आला, तुवियाच्या भूमिकेत डॅनियल क्रेग. हे लोक जगाला माहीत करून देण्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण शेवटी रणगाड्याशी थरारक झुंज येते, ती पटकथेची गरज. तुवियाचं खरं कौशल्य अशी झुंज टाळण्यात होतं. शेकडो माणसांना गुपचूप दलदलीतून नेणं पडद्यावर रणगाड्याएवढं रंगत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्याच वर्षी आलेल्या 'इनग्लोरियस बास्टर्ड्स'ने तर इतिहासच गुंडाळून ठेवला आणि पॅरिसच्या थिएटरात हिटलरला मारून टाकलं. असा सूड पाहताना बरं वाटतं हे मी नाकारत नाही, पण त्या जंगलात कसं जगत होते हे त्यातून काहीच कळत नाही.

तिसरी वाट अहारोन अप्पेलफेल्ड यांची. हे स्वतः लहानपणी छावणीतून निसटून जंगलांत भटकत वाढले आणि पुढे इस्रायलमध्ये हिब्रूत लिहू लागले. 2012 मध्ये आलेल्या त्यांच्या एका कादंबरीत युक्रेनच्या जंगलातली ज्यू पार्टिझानांची टोळी आहे. सांगणारा एडमंड सतरा वर्षांचा, आई-वडिलांना मागे सोडून पळालेला, आणि ते सल सतत टोचत असलेला. टोळीचा म्होरक्या कामिल याचा एक हट्ट असतो: माणसं मारून नेल्यावर ओस पडलेल्या ज्यू घरांतून धान्य आणि कपड्यांबरोबर पुस्तकंही आणायची. रात्री वाचायची, त्यावर बोलायचं. रानटी जगात राहून आपण रानटी व्हायचं नाही, ही त्याची लढाई. पुढे हीच टोळी छावण्यांकडे जाणाऱ्या आगगाड्या रुळांवरून उतरवते आणि डब्यांतून बाहेर काढलेल्या अर्धमेल्या माणसांची शुश्रूषा करत बसते. अप्पेलफेल्डची गद्यशैली शांत, जवळजवळ प्रार्थनेसारखी. कधीकधी माणसं फारच साधुसंत वाटतात, हे माझं गाऱ्हाणं आहे. पण जंगलातल्या शेकोटीजवळ पुस्तक उघडणारा माणूस विसरता येत नाही.

आता घड्याळजी. प्रिमो लेव्ही हे इटलीतल्या तुरीन शहरातले रसायनतज्ज्ञ. 1943 मध्ये आल्प्सच्या पायथ्याशी ते स्वतः काही आठवडे पार्टिझान झाले, डिसेंबरात पकडले गेले आणि 1944 च्या फेब्रुवारीत आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवले गेले. परतीच्या लांबलचक रेल्वेप्रवासात त्यांना एक गोष्ट दिसली होती: पूर्व युरोपातल्या तरुण ज्यूंनी कुणाची परवानगी न घेता आपला एक डबा त्यांच्या गाडीला जोडून घेतला होता. पुढे मिलानमध्ये निर्वासितांना मदत करणाऱ्या कचेरीत काम केलेल्या एका मित्राने त्यांना सांगितलं, की पार्टिझानांची एक टोळी बेलारूस-पोलंडमधून लढत लढत इटलीपर्यंत आली होती. या दोन आठवणी त्यांनी पस्तीसेक वर्षं मनात ठेवल्या. 1982 मध्ये त्यांची कादंबरी आली. तिचं नाव प्राचीन ज्यू गुरू हिल्लेल यांच्या वचनातून घेतलेलं आहे: मी माझ्यासाठी उभा राहिलो नाही तर कोण राहील, मी फक्त माझ्यापुरता असलो तर मी कोण, आणि आत्ता नाही तर कधी? त्यातला शेवटचा प्रश्न म्हणजे कादंबरीचं नाव. त्या वर्षी तिला व्हियारेज्जो आणि कांपिएल्लो हे इटलीतले दोन मोठे पुरस्कार मिळाले.

कादंबरी सुरू होते जुलै 1943 मध्ये, आणि पहिल्याच पानावर घड्याळांचा विषय. मेंडेलच्या गावात घड्याळं फारशी नव्हतीच. एक घंटाघरावर होतं, ते कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलेलं. मेंडेल स्वतः घड्याळजी, लाल सेनेच्या तोफखान्यात होता, आपल्या तुकडीपासून तुटून रानात एकटा राहतो आहे. त्याची बायको रिवके गावातल्या इतर ज्यूंबरोबर खड्ड्यात गाडली गेली आहे. त्याला लिओनीद हा एकोणीस वर्षांचा, आतून मोडलेला मुलगा भेटतो. दोघं चालू लागतात. दलदलीत लपलेली ज्यूंची एक वस्ती भेटते, ती नष्ट होते, पुढे गेडाले या व्हायोलिन वाजवणाऱ्या म्होरक्याची टोळी भेटते आणि ती टोळी पश्चिमेकडे, इटलीकडे निघते.

एवढ्या कथेत लेव्हींनी जे साधलं ते मला कुठल्याही चित्रपटात सापडलं नाही. मेंडेलला मारायला आवडत नाही. तो बिघडलेली वस्तू दुरुस्त करणारा माणूस आहे, तुटलेलं पाहिलं की त्याचे हात शिवशिवतात, आणि काळाने त्याला तोडायच्या कामाला जुंपलंय. तो ते काम नीट करतो, कारण तो कुठलंही काम नीटच करतो. टोळीचं एक गाणं आहे. गाणारे त्यात स्वतःची ओळख घेटोतली मेंढरं अशीच करून देतात. दोष म्हणून फेकलेला शब्द उचलून त्यांनी आपलं निशाण केला आहे.

आणि मग तो प्रसंग. युद्ध संपलंय, टोळी हरलेल्या जर्मनीतून जाते आहे. एका गावात खिडकीतून गोळी येते आणि टोळीतली एक मुलगी मरते. हे लोक नगरभवनात शिरून दहा जर्मनांना ठार करतात. एकाला दहा हा हिशेब जर्मनांचा होता. मेंडेलला ते कळतं, आणि लेव्ही त्याला त्यातून सुटू देत नाहीत. सूड चूक की बरोबर हे ते सांगत बसत नाहीत. सूड घेतल्यावर माणसाला हलकं वाटत नाही, एवढं दाखवतात. ही निव्वळ लेखकाची कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. 1946 च्या एप्रिलमध्ये कोवनरच्या सूडगटाने न्यूरेम्बर्गजवळ कैदेत असलेल्या एसएसच्या, म्हणजे नाझींच्या खास सशस्त्र दलाच्या, लोकांच्या पावांना आर्सेनिक हे विष लावलं होतं. दोन हजारांच्या आसपास कैदी आजारी पडले. कुणी दगावल्याची नोंद मात्र नाही.

कादंबरीत कच्चे दुवे आहेत. लेव्ही इटालियन ज्यू, यिद्दिश त्यांची भाषा नव्हती. या पुस्तकासाठी ते मुद्दाम ती शिकले. त्यामुळे काही पात्रांची बोली आणि विनोद अभ्यासातून आल्यासारखे वाटतात, आणि तशी टीका तेव्हाही झाली. मला त्यात एक वेगळीच गोष्ट भावते. साठी ओलांडलेला माणूस मेलेल्या लोकांची भाषा शिकायला बसतो, कारण त्या लोकांना कादंबरीत त्यांच्याच भाषेत विचार करता यायला हवा.

शेवटाकडे टोळी मिलानला पोहोचते. एका श्रीमंत घरात त्यांना बोलावणं येतं. झुंबरं, चकचकीत फरशी, उंची कपड्यांतले पाहुणे. पाहुणे त्यांच्याभोवती जमतात, निरखून बघतात, प्रश्न विचारतात. आपण कसले तरी दुर्मीळ प्राणी असल्यासारखं त्यांना वाटतं. ते वाचताना मला माझा कॉलेजातला प्रश्न आठवला आणि पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवावं लागलं.

त्याच मेजवानीत टोळीतल्या रोखेलेला कळा सुरू होतात. सगळे तिला घेऊन इस्पितळात धावतात. मूल होतं. जंगलात दोन वर्षं मरण जवळून पाहिलेली ही माणसं बाहेरच्या व्हरांड्यात एकमेकांना मिठ्या मारतात. मेंडेलच्या नजरेला एक इटालियन वर्तमानपत्र पडतं. मथळा भल्या मोठ्या अक्षरांत आहे, पण भाषा येत नसल्यामुळे त्याला तो वाचता येत नाही. वर्तमानपत्रावर तारीख आहे मंगळवार, 7 ऑगस्ट 1945, आणि बातमी आहे हिरोशिमावर पडलेल्या अणुबॉम्बची.